वाचक विचारतात: सर्वांनी मिळून सांगायची गोष्ट आणि तिच्या बैठका

अलीकडे या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच कामाविषयी आहेत. आपल्या चाळीची, वस्तीची किंवा गावाची गोष्ट तिथल्याच लोकांनी एकत्र बसून सांगावी, ती नोंदवावी आणि तिच्यातून सर्वांच्या नावाची एखादी पुस्तिका किंवा ध्वनिसंग्रह उभा करावा, असे हे काम आहे. उत्साहाची कमतरता कोणत्याच पत्रात दिसत नाही. अडचण येते ती बैठकांमध्ये. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आम्ही मुंबईतील नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतील रहिवासी आहोत. पुनर्विकासात जुन्या इमारती जाण्यापूर्वी चाळीची गोष्ट सर्वांनी मिळून लिहावी, असे ठरवून आम्ही सभा बोलावली. पहिल्या सभेला बसायला जागा उरली नाही. पुस्तकाचे नाव, मुखपृष्ठ, वर्गणी आणि प्रकाशनाला बोलवायचे पाहुणे यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. आठवण मात्र एकानेही सांगितली नाही. दुसऱ्या सभेला निम्मे लोक आले आणि तिसऱ्या सभेला फक्त कार्यकारिणी उरली. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर: आपल्या वर्णनावरून असे दिसते की आपल्या सभेत दोन वेगळी कामे एकाच वेळी चालली होती आणि त्यांपैकी सोप्या कामाने अवघड कामाला जागाच उरू दिली नाही. मुखपृष्ठाविषयी मत द्यायला कोणालाही क्षणभर पुरतो. कोवळ्या वयात गावाहून येऊन काकांच्या खोलीत राहायचे आणि रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या वळकटीवर झोपायचे, ही आठवण सांगायला मात्र मनाची तयारी व्हावी लागते. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की ऐकण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगवेगळ्या दिवशी घ्यावी, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या जागी. ऐकण्याच्या बैठकीत कोणताही निर्णय घेऊ नये आणि पुस्तकाचा विषयही शक्यतो निघू देऊ नये. ठरवण्याच्या बैठकीत विषयपत्रिका असावी, इतिवृत्त लिहावे आणि पुढच्या वेळी ते वाचून कायम करावे. ही दुसरी रीत चाळीला नवी नाही, कारण उत्सव मंडळ, क्रीडा मंडळ आणि भाडेकरूंचा संघ यांच्या सभांतून ती पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली आहे. पहिली रीत मात्र जाणीवपूर्वक शिकावी लागते.

ऐकण्याच्या बैठकीला आठ ते बारा माणसे पुरेत. त्याहून अधिक आली, तर दोन खोल्यांत दोन बैठका कराव्यात, कारण बारा माणसांपलीकडे गेल्यावर सांगणारा माणूस ऐकणाऱ्यांशी बोलायचे सोडून भाषण करू लागतो. वेळ दीड तासाचा ठेवावा. सर्वांनी एकाच पातळीवर, शक्यतो सतरंजीवर आणि गोलाकार बसावे. खुर्ची फक्त ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी असावी. अध्यक्ष नेमू नये. एकाने सूत्र सांभाळावे, एकाने टिपण घ्यावे आणि एकाने ध्वनिमुद्रण पाहावे, आणि ही तिन्ही कामे दर वेळी वेगळ्या व्यक्तींकडे जावीत. सूत्र सांभाळणाऱ्याने त्या दिवशी स्वतःची आठवण सांगू नये, हा नियम कठोर वाटला तरी तो पाळावा, अशी माझी विनंती आहे.

विषय एका वेळी एकच आणि हाताला लागेल इतका लहान घ्यावा. ‘चाळीच्या आठवणी सांगा’ असे म्हटले की लोक ‘तेव्हा माणुसकी होती, दारे उघडी असायची’ एवढे बोलून थांबतात, कारण प्रश्नच इतका पसरट असतो की त्याला पसरट उत्तराखेरीज दुसरे उत्तर सुचत नाही. त्याऐवजी पाणी किती वाजता यायचे आणि पहिली बादली कोणाची लागायची, हे विचारावे. आपल्या इमारतींची रचनाच प्रश्न पुरवते. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा पॅसेज आणि मजल्याची सामायिक स्वच्छतागृहे. त्या पॅसेजमध्ये रात्री कोण झोपायचे, जागा कशी वाटली जायची, मुलगी पाहायला पाहुणे येत तेव्हा शेजारची खोली कोण रिकामी करून देई, मयत जिन्यावरून खाली कशी नेत, अशा प्रश्नांना ‘माणुसकी होती’ हे उत्तर देताच येत नाही. तिथे घटना सांगावी लागते, आणि माणुसकी असलीच तर ती त्या घटनेतून आपोआप दिसते.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने दोन-तीन मिनिटे बोलावे आणि इतरांनी मध्ये एक शब्दही बोलू नये, दुरुस्तीसाठीही नाही. ‘अहो, ते त्रेसष्ट साल नव्हते, चौसष्ट होते’ या एका वाक्याने माणूस गप्प होतो, आणि पुन्हा तो जे बोलतो ते जपून बोलतो. दुसऱ्या फेरीत सूत्र सांभाळणाऱ्याने एवढेच विचारावे की इतरांचे ऐकताना कोणाला काय आठवले. खरी सामूहिक गोष्ट या दुसऱ्या फेरीत जन्माला येते, कारण तिथे एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीला वाट करून देते. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात टिपण घेणाऱ्याने काय नोंदले ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यातले काय वगळायचे हे प्रत्येकाला विचारावे. पुढच्या बैठकीचा दिवस आणि विषय उठण्यापूर्वीच सांगावा.

उपस्थिती घटली म्हणून निराश होऊ नये. सहा-सात नेहमीची माणसे आणि विषयाप्रमाणे बदलणारी पाच-सहा माणसे, एवढ्यावर हे काम वर्षभर चांगले चालते. घाई मात्र एका बाबतीत जरूर करावी. बीडीडी चाळी मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या आणि त्यांचे बांधकाम १९२० च्या दशकातले आहे. वरळीत पुनर्विकासाच्या पहिल्या नव्या घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाला. जे रहिवासी आधी स्थलांतरित होणार आहेत त्यांच्या बैठका आधी घ्याव्यात, आणि त्या कार्यालयात किंवा हॉलमध्ये न घेता जुन्या खोलीत किंवा पॅसेजमध्येच घ्याव्यात. कोनाडा, मोरी आणि माळा समोर असताना माणसाला जे आठवते ते पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरातील सोफ्यावर बसून आठवेलच असे नाही.

प्रश्न: परळ-लालबाग भागात आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. तिथे आम्ही जुन्या गिरणी कामगारांची आणि त्यांच्या कुटुंबांची गोष्ट जमवतो आहोत. दर बैठकीत तेच तीन-चार काका बोलतात आणि ते बोलतातही उत्तम. बायका दाराशी बसतात, चहा देतात आणि ‘आम्हाला काय ठाऊक, यांनाच विचारा’ म्हणतात. त्यांना कसे बोलते करावे?

उत्तर: त्यांना बोलते करण्याचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि बैठकीची जागा व वेळ कोणाच्या सोयीने ठरली आहे, हे आधी पाहावे. गावकीची खोली ही मुळात गावाहून एकट्याने आलेल्या पुरुषांची राहण्याची जागा होती. तिथे स्त्रिया आजही पाहुण्यासारख्या बसत असतील, तर त्यात त्यांचा संकोच कमी आणि त्या जागेचा इतिहास अधिक आहे. संध्याकाळी साडेसातची वेळ स्वयंपाकाची असते. दुपारी तीन ते पाच या वेळात, एखाद्या आजींच्या घरी, फक्त स्त्रियांची बैठक घ्यावी आणि त्या बैठकीला पुरुषांनी, संयोजक असले तरी, जाऊ नये. हात रिकामे ठेवून बसायला अनेकींना अवघडते. निवडण-टिपण करत बोलायचे असेल तर खुशाल करू द्यावे. ध्वनिमुद्रणात सुपाचा आवाज आला तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. काकांना विचारलेला प्रश्न स्त्रियांना जसाच्या तसा विचारला तर त्या प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ म्हणतील. साचेखाते (विणकाम) आणि त्रासनखाते (सूतकताई) यांतला फरक, जॉबरचा म्हणजे मुकादमाचा दरारा किंवा बदली कामगाराने सकाळी गेटवर उभे राहणे ही कामगाराची माहिती आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे सर्वांना ठाऊक असते. घरातली कोणती वस्तू आधी विकली, दागिना मोडला की गहाण ठेवला, वाणी उधारी किती दिवस देत राहिला, मुलांची शाळा सुटली का, त्या काळात कोणी डबे करून द्यायला सुरुवात केली, आणि गावी परत जायचे हे कोणी ठरवले, हे मात्र ज्यांनी घर चालवले त्यांनाच ठाऊक असते. हा संपाच्या इतिहासाचा दुय्यम भाग मानू नये, कारण संप इतका लांबला तो या घरांच्या बळावर. गिरणगावातल्या कितीतरी एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी स्त्रियांनीच चालवल्या. त्या खानावळींचे हिशेब, बुडालेले पैसे आणि टिकलेली नाती यांवर एक संपूर्ण बैठक होऊ शकेल.

मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे आणि ती आपल्या गटाने जाणून घ्यावी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या जमवल्या. मुळशीच्या डोंगरी भागातल्या स्त्रियांबरोबर सुरू झालेल्या या कामातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. त्या ओव्या मुळात जात्यापाशी बसून म्हटल्या गेल्या आहेत. एकीने ओळ सुरू करायची आणि समोरचीने ती उचलायची, अशा रीतीने त्या घडत गेल्या. आपण ज्याला सामूहिक कथन म्हणतो ते या स्त्रिया सभा न भरवता करत आल्या आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि तो इतिहास १९८९ मध्ये ग्रंथरूपाने आणला. यापैकी कोणतेही काम स्त्रियांना एका हॉलमध्ये बोलावून झालेले नाही.

राहिला प्रश्न उत्तम बोलणाऱ्या काकांचा. त्यांना गप्प करू नये, ते अन्यायाचे होईल. त्यांची स्वतंत्र, सविस्तर मुलाखत घरी जाऊन घ्यावी, दोन-तीन बैठकांत घ्यावी, आणि त्यांना मोकळेपणाने सांगावे की आपले सांगणे मोठे आहे म्हणून त्याला वेगळा वेळ दिला आहे. माणूस पुरेसा ऐकला गेला की समूहात तो इतरांना जागा देतो. पुढे त्यांच्याकडेच एखाद्या बैठकीचे सूत्र सोपवावे. सूत्र सांभाळणाऱ्याने स्वतःची आठवण सांगायची नाही, हा नियम तेव्हा उपयोगी पडेल.

प्रश्न: आमच्या चाळीत १९७४ च्या दंगलीचा विषय निघाला आणि बैठक मोडली. दोन बाजूंच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगणारे आज शेजारी आहेत. काहींचे म्हणणे आहे की हा विषयच नको. काहींचे म्हणणे आहे की बहुमताने एक मजकूर ठरवावा. आपले मत काय?

उत्तर: विषय वगळू नये आणि मजकूर बहुमताने ठरवू नये. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथर या संघटनेच्या सभेनंतर जे घडले आणि पुढे नायगावपर्यंत जे पसरले, ते चाळीच्या गोष्टीतून गाळले तर उरलेल्या सगळ्या पानांवरचा विश्वास जाईल. जी माणसे त्या वेळी मार खात होती, ज्यांच्या खोल्यांवर दगड आले, त्यांच्यासाठी ‘आपण सगळे गुण्यागोविंदाने राहत होतो’ या वाक्याचे पुस्तक म्हणजे पुन्हा एकदा बाहेर काढले जाणे आहे. बहुमताचा मार्ग तर त्याहून वाईट, कारण जातीच्या प्रश्नावर चाळीत बहुमत कोणाचे होते हे आधीपासूनच ठरलेले असते.

मी सुचवीन ती रीत सावकाश चालणारी आहे. या विषयावर एकत्र बैठक सुरुवातीला घेऊच नये. ज्यांना सांगायचे आहे त्यांचे आधी स्वतंत्रपणे, त्यांच्या घरी, त्यांच्या विश्वासातल्या माणसाने ऐकावे. सांगणाऱ्याला आधीच कळवावे की हे कोणाला ऐकवायचे, नावासह की नावाविना, आणि केव्हा, हे तोच ठरवणार आहे. त्यानंतर दोन्ही बाजूंची कथने लिहून काढावीत आणि ज्याचे त्याला वाचून दाखवावीत. एकमेकांची कथने ऐकण्याची तयारी दोन्हीकडे झाली, तरच एकत्र बसावे. आणि त्या बैठकीत सांगणाऱ्याने प्रत्यक्ष बोलण्याऐवजी त्याचे लिहिलेले कथन तिसऱ्या कोणी वाचावे. वाचलेल्या मजकुराला मध्येच अडवायला माणूस सहसा धजत नाही, आणि सांगणाऱ्यालाही समोरच्या चेहऱ्यांना तोंड देत बोलावे लागत नाही. तयारी नाही झाली, तर एकत्र बैठक न घेताही दोन्ही कथने पुस्तकात शेजारी-शेजारी येऊ शकतात.

इथे एक भेद कटाक्षाने पाळायला हवा. कोणाला काय वाटले, काय दिसले आणि काय आठवते, यावर कोणीही निवाडा देऊ नये. कोणत्या दिवशी काय घडले, पोलीस केव्हा आले, किती दिवस संचारबंदी होती, या बाबी मात्र पडताळता येतात आणि त्या पडताळल्याच पाहिजेत. वरळी-नायगावच्या या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती भस्मे आयोगाने केली होती. त्या आयोगाचा अहवाल आणि त्या काळची वर्तमानपत्रे जुन्या ग्रंथालयांत पाहावीत. पडताळलेली माहिती कथनात घुसवू नये. ती वेगळ्या टिपेत द्यावी आणि कथन जसे सांगितले तसेच राहू द्यावे.

माणसांच्या आठवणींत तारखा जुळत नाहीत, याकडे केवळ विसरभोळेपणा म्हणून पाहू नये, असेही मला वाटते. गिरणी संप कधी संपला, हे कोणत्याही बैठकीत विचारून पाहावे. कोणी वर्षभराने म्हणेल, कोणी दीड वर्षाने म्हणेल आणि कोणी म्हणेल की तो अजून संपलेला नाही. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या घरात तो वेगळ्या दिवशी संपला. एक परत कामावर गेला तेव्हा, दुसरा गावी निघाला तेव्हा. अशा वेळी उत्तरांतला फरक हाच नोंदण्याजोगा इतिहास असतो, आणि एक तारीख ठरवून तो पुसून टाकणे मोठे नुकसान ठरेल.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातील भूकंपग्रस्त भागात शिक्षिका आहे. १९९३ च्या भूकंपाविषयी गावातील ज्येष्ठांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी जमवाव्यात, असा उपक्रम सुचला आहे. हे करावे का?

उत्तर: करावे, परंतु विद्यार्थ्यांच्या हाती ‘त्या रात्री काय झाले’ हा प्रश्न देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर लोक झोपले असताना जे घडले, त्यात आपल्या गावातील बहुतेक ज्येष्ठांनी घरातले कोणी ना कोणी गमावले असेल. चौदा वर्षांच्या मुलासमोर ते सांगताना आजी कोसळल्या, तर त्या मुलाने काय करावे? तो भार त्याच्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुलांनी भूकंपापूर्वीच्या गावाविषयी विचारावे. जुन्या गावात दगड-मातीचे वाडे होते, जाड भिंती होत्या, वर मातीचे धाबे होते. नव्या गावात सरळ रस्ते आणि आखलेले भूखंड आले. जुने घर कसे होते, शेजार कोणता होता, बाजार कुठे भरायचा, नव्या वसाहतीत शेजार बदलला तेव्हा काय झाले, हे मुलांनी विचारावे आणि जमिनीवर खडूने जुन्या गावाचा नकाशा ज्येष्ठांकडून काढून घ्यावा. त्या रात्रीविषयी ज्यांना स्वतःहून बोलायचे असेल त्यांचे प्रौढ व्यक्तीने, एकांतात, परंतु घरातील दुसरे कोणी हाकेच्या अंतरावर असताना ऐकावे. थांबायचे असेल तर कारण न देता थांबता येईल, हे आधी सांगावे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पुन्हा एकदा जाऊन यावे. आठवण सांगून झाल्यावरची रात्र अवघड जाते. आणि बैठक स्मृतिदिनाच्या आसपास ठेवू नये.

प्रश्न: आम्ही कोयना प्रकल्पग्रस्तांची मुले-नातवंडे आहोत. रायगड जिल्ह्यातील आमच्या वसाहतीत वर्षभर बैठका झाल्या आणि पुष्कळ ध्वनिमुद्रण जमले. आता लेखन कोणी करायचे, भाषा कोणती ठेवायची आणि लेखक म्हणून नाव कोणाचे घालायचे, यावर गट अडला आहे. गटातील एका प्राध्यापकांनी सर्व मजकूर एकहाती प्रमाण मराठीत लिहून देण्याची तयारी दाखवली आहे.

उत्तर: प्राध्यापकांची तयारी मोलाची आहे, परंतु सर्व लेखन एकहाती होऊ देऊ नये. आपल्या आजी-आजोबांनी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या शिवाराविषयी जे सांगितले आहे, ते एका सुशिक्षित आवाजात ओतले तर वाचायला सुबक होईल. मात्र वसाहतीतले कोणीही त्यात स्वतःचा आवाज ओळखणार नाही. त्यांच्याकडे संपादनाचे काम द्यावे आणि लेखनासाठी तिघा-चौघांच्या दोन-तीन तुकड्या कराव्यात.

आधी ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून घ्यावे. हे काम सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ खाते: एका तासाच्या मुद्रणाला सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात, आणि अनेक जण एकदम बोलत असतील तर त्याहून अधिक. म्हणून पुढच्या बैठकांत बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव उच्चारावे, एवढी सवय लावून घ्यावी. उतरवलेल्या मजकुरातून प्रत्येक तुकडीने एक विषय घ्यावा: गाव सोडण्याचा दिवस, ग्रामदैवत सोबत आणण्याचा निर्णय, नव्या जागी पहिले पीक, जुन्या गावकऱ्यांशी संबंध, किंवा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांची काळजी. मग वाचनाची बैठक भरवावी. तिच्यात तुकडीने आपला मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ज्यांच्या सांगण्यावरून तो लिहिला त्यांनी ‘हे असे म्हटले नव्हते’ म्हणायचा अधिकार बजावायचा. अनेक ज्येष्ठांना लिहिलेले वाचता येत नसेल. म्हणून मजकुराची प्रत हातात देऊन सही घेणे म्हणजे संमती असे समजू नये. वाचून दाखवणे हीच संमतीची योग्य रीत आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात ही बैठक सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक गट घाईत नेमकी तीच गाळतात.

भाषेविषयी सांगायचे तर संवाद आणि प्रत्यक्ष कथन सांगणाऱ्याच्या बोलीत ठेवावे, आणि जोडणारे निवेदन लिहिणाऱ्याच्या भाषेत. बोलीतले शब्द सुधारू नयेत आणि ते गमतीदार दिसावेत म्हणून वाढवूही नयेत. शेतीची अवजारे, भाताच्या जाती आणि नात्यांचे शब्द यांचा अर्थ तळटिपेत देता येतो.

नावाच्या बाबतीत कायद्याची बाजूही पाहावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची तरतूद आहे: ज्या कृतीत प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही, ती संयुक्त कृती मानली जाते आणि तिचे हक्क सर्वांत शेवटी निधन पावलेल्या लेखकानंतर साठ वर्षे टिकतात. म्हणजे आज ज्या नावांवर सह्या होतील त्यांच्या नातवंडांनाही हा प्रश्न भेटणार आहे. ठरवण्याच्या एका स्वतंत्र बैठकीत लेखी करार करावा: मुखपृष्ठावर वसाहतीचे किंवा गटाचे नाव, आत सांगणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची आणि संपादकांची नावे वेगवेगळी, उत्पन्न झाले तर ते कुठे जाणार, आणि पुढे कोणी नाटक किंवा चित्रपट करायला मागितले तर परवानगी कोण देणार. सांगणाऱ्यांची नावे आधी यावीत, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न: गटातील काही जण आता बदलापूर-विरारला गेले आहेत आणि दोन कुटुंबे परदेशात आहेत. ऑनलाइन बैठका चालतील का? ज्येष्ठांना मानधन द्यावे का?

उत्तर: ठरवण्याच्या बैठका ऑनलाइन उत्तम चालतात. ऐकण्याच्या बैठकीत मात्र काही जण खोलीत आणि काही जण पडद्यावर अशी मिसळ करू नये. पडद्यावरची माणसे हळूहळू केवळ प्रेक्षक होतात. दूर असलेल्यांची पाच-सहा जणांची स्वतंत्र बैठक घ्यावी, परदेशातील वेळ पाहून, आणि तिचे टिपण खोलीतल्या बैठकीत वाचावे. मानधनाऐवजी रिक्षाचे भाडे, चहा-नाश्ता आणि छापलेल्या पुस्तिकेची प्रत हे सर्वांना सारखे द्यावे. ज्याचा रोजगार बुडतो त्याला मात्र तो भरून द्यावा, आणि तो खर्च वर्गणीत आधीच धरावा.

प्रश्न: काम पूर्ण झाल्यावर ध्वनिमुद्रणे आणि कागद यांचे काय करावे?

उत्तर: याचा विचार पहिल्या ठरवण्याच्या बैठकीतच व्हायला हवा, कारण पुस्तक छापून झाल्यावर गट पांगतो आणि मुद्रणे एखाद्याच्या फोनमध्ये राहून जातात. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक वस्तीबाहेर दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलच्या नावात दिनांक, जागा आणि विषय असावा. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ हे नाव दोन वर्षांनी कोणालाही काही सांगत नाही. ज्यांनी काही भाग बंद ठेवायला सांगितला असेल, त्यांची मुद्रणे वेगळ्या ठिकाणी ठेवावीत आणि ती केव्हा उघडायची हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

पुस्तिकेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्यावा. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. छापून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य ग्रंथालयांना पाठवण्याची तरतूद १९५४ च्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करावा. त्याशिवाय तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात, जवळच्या शाळेत आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रती द्याव्यात. प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींनी एक प्रत मूळ तालुक्याच्या ग्रंथालयातही पाठवावी, कारण मागे राहिलेली माणसे ती वाचतील आणि त्यांच्या बाजूची गोष्ट कदाचित वसाहतीला कळवतील.